मोठ्या नाकाचा नळ

(मे महिन्यात पार्ल्यातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना ‘या एकट्या रोमला जाऊन आल्या’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून एक ‘बापरे’ ऐकू आलं. त्या बाईंना सांगते, शौर्य वगैरे काही नाही हो. ऑगस्टात रोमला यायला कुणी तयारच नव्हतं. तिथला ऑगस्ट म्हणजे आपला मे, घाम तेवढा कमी. शिवाय मला जे बघायचं होतं, त्यासाठी बरोबर आलेलं माणूस दुसऱ्याच दिवशी भांडून परत गेलं असतं. मला नळ बघायचे होते.

महापालिकेच्या पाणी खात्यात माझी तेहतीस वर्षं गेली. या गल्लीला पहाटे साडेचार ते सात, त्या चाळीला संध्याकाळी दोन तास. चावीवाला खांद्यावर लांब दांड्याची चावी घेऊन निघाला की कुठली व्हॉल्व्ह किती आटे फिरवायची, हे त्याला पाठ. माझ्यापेक्षा जास्त पाठ. थोडक्यात, पाणी घड्याळावर सोडणं आणि घड्याळावर बंद करणं ही माझी नोकरी. आणि रोममध्ये म्हणे रस्त्यावरचे नळ चोवीस तास वाहतात, त्यांना तोटीच नसते. माझ्यासारखीला झोप कशी लागणार?

टेस्टाचो नावाच्या भागात खोली घेतली होती. तिथे जवळच फुटक्या मडक्यांची टेकडी आहे. प्राचीन काळी ऑलिव्ह तेल ज्या रांजणांतून यायचं, त्यांची खापरं रचून रचून झालेली, पस्तीसेक मीटर उंच. म्हणजे त्यांचं देवनार. फरक इतकाच, की त्यांच्या कचऱ्याला वास नाही आणि बघायला तिकीट आहे.

तर नळ. पहिल्याच सकाळी कोपऱ्यावर भेटला. ओतीव लोखंडाचा, कमरेहून थोडा उंच खांब आणि त्यातून निघालेली वाकडी नळी. लोक त्याला ‘नासोने’ म्हणतात. अर्थ, मोठं नाक. 1871 मध्ये रोम इटलीची राजधानी झालं आणि 1874 पासून हे खांब बसू लागले. आज शहरात अडीच हजारांच्या आसपास असतील. सुरुवातीच्या नळांना एका नाकाऐवजी ड्रॅगनच्या तोंडाच्या तीन नळ्या होत्या. त्यातला एक पँथिऑनसमोरच्या चौकात अजून आहे. (त्याच सुमाराला, 1876 मध्ये, आपल्याकडे मुंबईत भात बाजारात केशवजी नाईकांचा प्याऊ, म्हणजे पाणपोई, उभा राहिला. आपले बहुतेक प्याऊ पुढे कोरडे पडले, ती गोष्ट वेगळी.)

मी वाकून ओंजळीनं प्यायला गेले. मागे एक आजीबाई उभ्या होत्या, काळा झगा, हातात कुत्र्याचं भांडं. त्यांनी मला चक्क बाजूला सारलं आणि नळीच्या तोंडाला बोट लावलं. नळीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, त्यातून पाण्याची कमान वर आली आणि आजी सरळ उभ्या राहून प्यायल्या. मग माझी पाळी. मी बोटाऐवजी तळवा दाबला. धार थेट चष्म्यावर. आजी हसल्या, कुत्रंही भुंकलं. पण पाणी काय सांगू! बाहेर सदतीस अंश आणि हे माठातल्यासारखं गार.

आता मला कळेना, तोटी का नाही? सवयीनं मनात हिशेब सुरू: इतके लिटर मिनिटाला, इतके नळ, केवढी ही नासाडी! मग विचार केला आणि लाज वाटली. वाहतं पाणी पाइपात साचत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. आमच्याकडे काय होतं? पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि जिथे तडा असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिल्या पाच मिनिटांचं गढूळ पाणी सगळ्या पार्ल्यानं बघितलेलं आहे. 2017 च्या दुष्काळात रोममध्ये हे नळ बंद करायला घेतले, तेव्हा लोक चिडले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जमिनीखालच्या जुन्या पाइपांतून जे गळत होतं, त्यापुढे नाकातून वाहणारं काहीच नव्हतं. पण नाक दिसतं, गळती दिसत नाही.

कलोसियम मी बाहेरूनच पाहिलं. रांग बघितली आणि मेट्रो धरून शहराबाहेर जलसेतूंच्या बागेत गेले. तिथे क्लॉडियन जलसेतूच्या कमानी आहेत, इसवी सन 52 मध्ये पुरा झालेला. तीन तास बसले. प्राचीन रोमला असे अकरा जलमार्ग पाणी आणायचे. त्यातला इसवी सनापूर्वी 19 मधला ‘आक्वा व्हिर्गो’ बराचसा जमिनीखालून जातो, वीसेक किलोमीटरमध्ये उतार जेमतेम चार मीटर. माझ्या हाताखालच्या एखाद्यानं असा नकाशा आणला असता, तर ‘पुन्हा मोजून ये’ म्हटलं असतं. दुरुस्त होत होत त्याच मार्गाचं पाणी आज ट्रेव्हीच्या कारंज्यात पडतं. लोक त्यात नाणी टाकतात, मी उताराला नमस्कार केला.

इसवी सन 97 मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा माणूस तिथल्या पाणी खात्याचा प्रमुख झाला. त्यानं लिहून ठेवलंय: दप्तरातलं पाणी आणि मोजलेलं पाणी जुळत नाही, शिक्का नसलेल्या तोट्या बसवल्यात, रस्त्याखालून चोरून जोडण्या घेतल्यात. मी म्हटलं, अरे, हा तर आमच्या वॉर्डातला!

15 ऑगस्टला बाहेर पडले तर शहर कुलूपबंद. त्यांचा तो ‘फेरागोस्तो’. नाव सम्राट ऑगस्टसच्या सुटीवरून आलंय. रोमन माणूस समुद्रावर जातो आणि दारावर चिठ्ठी लावतो. इकडे झेंडावंदन आणि जिलबी, तिकडे मी चिवड्याच्या पिशवीवर दिवस काढला.

रात्री साडेअकराला सहज खाली उतरले. गाडी नाही, माणूस नाही. आमच्याकडे गळती शोधायला रात्रीच निघतात, रहदारी थांबली की लोखंडी कांब जमिनीला लावून कान द्यायचा. माझ्याकडे कांब नव्हती, छत्री होती. टोक फरशीला, मूठ कानाला. आणि खरंच, नासोनेच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, बारीक, एकसुरी फुसफुस. तेहतीस वर्षांत हजार वेळा ऐकलेला. मी दहा पावलं सरकले, तिथे आणखी स्पष्ट.

कळवणार कुणाला, आणि कुठल्या भाषेत? तरी पर्समधून डायरी काढली, दिव्याखाली जाऊन रस्त्याचं नाव, घराचा नंबर आणि वेळ लिहिली, आणि खाली सही केली.