एक घडलेले, एक रचलेले

श्रोतेहो, नमस्कार.

जिज्ञासू वाचकाने काय वाचावे, या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली ती यादीची. 'आयुष्यात वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तके' या धर्तीच्या याद्या मला मुळीच आवडत नाहीत. त्या वाण्याच्या यादीसारख्या असतात, आणि वाण्याची यादी वाचून कुणाला भूक लागल्याचे मी तरी पाहिलेले नाही. म्हणून आज यादी नाही, आज जोड्या. प्रत्येक जोडीत एक पुस्तक घडलेल्या गोष्टीचे आणि एक रचलेल्या गोष्टीचे. एक घडलेले, एक रचलेले. दोन्ही एकाच पंधरवड्यात वाचायची, म्हणजे पहिल्याने मनात उभा केलेला प्रश्न मावळायच्या आत दुसरे हातात असते. वर्गणी थोडी वाढवून भरली की बहुतेक वाचनालये एका वेळी दोन पुस्तके देतात, तेव्हा खर्चाची सबबही फारशी टिकणारी नाही.

पहिली जोडी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या महाभारताची. १९६७ या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके आली. एक इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि दुसरे शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. घराणी, नाती, वारसा आणि विवाहाच्या चाली यांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि महाभारतातील माणसांकडे त्या त्याच नजरेने पाहतात. विदुर हाच धर्मराजाचा पिता असेल काय, असा प्रश्न त्या शांतपणे मांडतात आणि त्याचे पुरावे तपासू लागतात. त्यांच्या लेखनात कुणाला देवत्व नाही आणि कुणाला माफीही नाही. 'मृत्युंजय'चे लेखक मात्र तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांचे कर्णावर निस्सीम प्रेम होते; कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण एकापाठोपाठ एक आपापले मन मोकळे करतात आणि वाचक वाहत जातो. माझा सल्ला असा की आधी 'मृत्युंजय' वाचावी, डोळे पुसावेत आणि मग 'युगान्त' उघडावे. उलट क्रमाने वाचणाऱ्याला कर्णासाठी रडणे जरा कठीण जाते, हे मी अनुभवाने सांगते आहे.

आता दुसरी जोडी, आणि तिच्याबरोबर एक हकीकत. ही हकीकत मी संधी मिळेल तेथे सांगत असते, त्यामुळे ज्यांनी ती पूर्वी ऐकली असेल त्यांनी मला क्षमा करावी.

पदवीची परीक्षा झाल्यानंतर नोकरी मिळेपर्यंत, सुमारे दीड वर्ष, मी आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात दुपारच्या वेळी देवघेवीच्या खिडकीवर बसत असे. तेथील ग्रंथपालांना सारे गाव अण्णा म्हणत असे. अण्णा बोलायचे कमी, पण कोणाच्या हातात कोणते पुस्तक द्यायचे, हे ते वैद्याने नाडी पाहावी तसे ठरवीत. एके दिवशी एस.टी.तून नुकतेच निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आले, अनामत भरली आणि म्हणाले, "प्रवासाचं काहीतरी द्या. पण खरं असलं पाहिजे. खोटं वाचायला आता वेळ नाही."

अण्णांनी त्यांच्या पुढ्यात विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' ठेवले.

पुस्तक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानी आले म्हणून १८५७ साली तो आपल्या काकांबरोबर पायी निघाला. त्या वर्षी उत्तरेत काय पेटले होते, ते मी सांगायला नको. दक्षिणा मिळवायला निघालेला हा भटजी सातपुडा ओलांडून महूकडे येतो तोच शिपाई त्याला सावध करतात, आणि तेथून पुढे तो बंडाच्या मधोमध सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीत होता. मिळवलेले पैसे पुनःपुन्हा लुटले गेले. शेवटी तो घरी परतला तो गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालण्यासाठी.

ड्रायव्हरकाकांनी हे पुस्तक एका वाचकाने वाचावे तसे वाचलेच नाही. त्यांनी ते एका ड्रायव्हरने रस्ता पाहावा तसे वाचले. शाळेचा नकाशासंग्रह मागून घेतला, सुतळीचा तुकडा आणला आणि मुक्कामामागून मुक्काम मोजायला सुरुवात केली. रोज दुपारी चहानंतर ते येत आणि मला हिशेब ऐकवीत. गंगेवरून कोकणापर्यंत कावड खांद्यावरून आणायची, म्हणजे आजच्या रस्त्यांनीही हजार किलोमीटरहून कितीतरी अधिक अंतर. "एवढ्या लांब गाडी न्यायची तर वाटेत ड्रायव्हर बदलतात, पोरी," असे ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. एका प्रसंगावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. काल्पीच्या बाजूला एका विहिरीवर पराभवानंतरची, धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी भटजींना भेटते आणि त्यांनी पाणी काढून देऊ केले असता, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढून घेते, असे म्हणते. काका विचारीत, "एवढ्या मुलखात बाई नेमकी ह्यांनाच कशी गाठ पडली?"

शंका रास्त होती. अण्णांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कपाटातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत काढून दिली.

येथे श्रोत्यांनी जरा लक्ष द्यावे. भटजींनी ही हकीकत लिहिली ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ती प्रसिद्ध केली १९०७ साली, भटजींच्या मृत्यूनंतर. आणि प्रसिद्ध करताना भाषा सुधारली, काही मजकूर गाळला. भटजींच्या हस्तलिखितावरून मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांनी छापून आणला तो १९६६ साली. पुन्हा सांगते, १९०७ सालचे पुस्तक वैद्यांच्या हातातून आलेले आणि १९६६ सालचे भटजींच्या मूळ लिहिण्याला धरून असलेले. काकांनी पहिल्यांदा वाचलेली आमच्याकडची जुनी प्रत वैद्यांच्या पाठाची होती आणि तिची सुरुवातीची पाने गळून गेलेली होती, त्यामुळे हे काही त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

त्या पावसाळ्यात काकांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. सर्वांत आधी त्यांनी विहिरीचा प्रसंग शोधला आणि तो सापडल्यावर स्वतःच पाणी प्यायल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पण जसजसे फरक दिसू लागले तसतसे ते अस्वस्थ होत गेले. समासात पेन्सिलीने ते अंतरे आणि खुणा लिहीत. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणे हा गुन्हा होता आणि अण्णांनी तो न पाहिल्यासारखे केले. (त्या प्रतीची पुढे बांधणी करताना बाइंडरने कडा कापल्या आणि काकांचे सारे हिशेब रद्दीत गेले. बाइंडर मंडळींना कडा कापण्याचा एवढा सोस का असतो, हे मला आजवर उमगलेले नाही; जुन्या पुस्तकाचा समास म्हणजे त्याचे अंगण असते.)

शेवटी एके दिवशी दोन्ही पुस्तके खिडकीवर ठेवून काकांनी विचारले, "अण्णा, मी खरं पुस्तक मागितलं होतं. ह्यातलं खरं कुठलं?"

अण्णा म्हणाले, "आता हे न्या." आणि त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुढे केली. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली, माणदेशातील एका धनगरवस्तीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची ही छोटीशी कादंबरी. काकांनी ती तीन दिवसांत परत आणली आणि म्हणाले, "हे खरं आहे."

"अहो, कादंबरी आहे ती," मी म्हटले.

"असेल. पण त्यातला कारभारी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचा." मुक्कामाची गाडी घेऊन त्यांनी माणदेशातील वस्त्यांवर कित्येक रात्री काढल्या होत्या. दुष्काळात वस्ती ओस पडते आणि मेंढरे घेऊन माणसे निघून जातात, ती कादंबरीच्या अखेरची पाने त्यांनी आम्हाला तोंडी सांगितली, आणि मग एकदम बहात्तर सालावर आले. रस्ताभर मेंढरे, हॉर्न वाजवूनही बाजूला न होणारी, कारण बाजूला होण्याइतके त्राणच त्यांच्यात उरलेले नव्हते. काकांनी गाडी बंद करून कळप जाईपर्यंत वाट पाहिली होती आणि डेपोत उशिराचे कारण लिहून द्यावे लागले होते. "काय कारण लिहिलं?" अण्णांनी विचारले. "गाडीत बिघाड," काका म्हणाले. "मेंढरं लिहिलं असतं तर साहेबाला पटलं नसतं."

त्या दिवसापासून काका दोन पुस्तकांखेरीज वाचनालयाबाहेर पडले नाहीत, आणि मीही नाही. एक घडलेले, एक रचलेले.

घड्याळाकडे पाहता उरलेल्या जोड्या मला घाईने सांगाव्या लागणार आहेत.

जंगलाची आवड असणाऱ्यांसाठी कृष्णमेघ कुंटे यांचे 'एका रानवेड्याची शोधयात्रा', म्हणजे एका मराठी तरुणाने तामिळनाडूतील मुदुमलाईच्या अरण्यात राहून पाहिलेले जग. आणि त्याच्या जोडीला पुन्हा माडगूळकरच, 'सत्तांतर'. वानरांच्या टोळ्यांमधील सत्तेच्या झगड्याची ही लहानशी कादंबरी, जिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. निवडणुकीच्या दिवसांत ती वाचू नये, असे मला वाटते. वानरांवर अन्याय होतो.

स्त्रियांच्या आयुष्याविषयी कुतूहल असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बाईंचा संसार उन्मळला, पुढे १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून तीच वाट धरली, आणि एवढे सारे सोसलेल्या बाईने ते सांगितले मात्र हसत हसत. जोडीला बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी, विधवांच्या दुःखाची कथा. तिचे प्रकाशनवर्ष १८५७, म्हणजे आपले भटजी वरसईहून निघाले तेच. कादंबरी म्हणून ती आज उपदेशाने जड वाटते, हे मी लपवीत नाही. परंतु मराठी गद्य कथा सांगायला कसे शिकत होते, हे पाहण्याची उत्सुकता असणाऱ्याने ती चाळावीच.

आणि शेवटची जोडी एकाच लेखकाची आहे. जयंत नारळीकर यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र आणि 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथांचा संग्रह. चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची कथा पाठविली. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी लेखकाचे नाव लिहिले 'नारायण विनायक जगताप', आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा उतरवून दिली त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी. पहिले बक्षीस मिळाले ते जगतापांना.

नमस्कार.