पाचवीचा वर्ग: वसईतल्या एका मराठी शाळेची वर्षअखेर

[दृश्य: शाळेचा व्हरांडा. सूचना फलकाची काच पुसणारे शिपाई मामा. आत एकावर एक डकवलेले कागद.]

या वर्षी, २०२५ साली, वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात घ्या, असं वेळापत्रक शिक्षण विभागाकडून आलं. नेमका त्यातच आला ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा, येशूच्या दुःखसहनाची आठवण करण्याचा. १३ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १८ ला गुड फ्रायडे, २० ला ईस्टर. वसईच्या पश्चिम पट्ट्यात गावागणिक चर्च आहे. तिथल्या मुलांनी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट ही प्रार्थना केली आणि रात्री घरी येऊन विज्ञानाची उजळणी केली. सकाळी सातला पुन्हा शाळेत हजर.

आपण आलो आहोत ती शाळा चर्चच्या आवारातच आहे. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, अनुदानित. तिचं सरतं वर्ष पाहत शेवटी आपण पाचवीच्या वर्गाकडे येणार आहोत, तिथे मुलं कमी होत आहेत. नाव मुद्दाम घेत नाही. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणाच्या किनाऱ्यावर अशा शाळा आहेत, आणि इथे जे दिसेल त्यातलं बरंचसं त्यांच्याकडेही घडत असेल.

[दृश्य: चर्चचा अंतर्भाग. मिस्साचा शेवट. वेदीवर फादर एक कागद उलगडतात.]

शाळेच्या बातम्या गावात पोचवायची इथली पद्धत जुनी आहे. रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी, फादर सूचना वाचतात. कुणाचा विवाह ठरला, कुणाच्या घरी प्रार्थना आहे, आणि त्यातच शाळेची सूचना. निकाल कधी, गणवेशाचं कापड कुठे मिळेल, पालकसभा किती वाजता. बाकावर बसलेली आजी ती ऐकते आणि घरी जाऊन सुनेला सांगते. इतकी खात्रीची टपालव्यवस्था दुसरी नाही.

पण या शाळेच्या कुठल्याही वर्गात उभं राहून हजेरी ऐका. डिसोझा, परेरा, लोपीस यांच्यासोबत पाटील, तांडेल, शेख ही आडनावंही ऐकू येतात. वसई पूर्वेच्या पाड्यांवरून बस बदलून येणारी वारली मुलं आहेत. उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षावाल्याची मुलगी आहे, आणि तिचं मराठी निबंधाचं अक्षर वर्गात सगळ्यात देखणं आहे. या घरांपर्यंत वेदीवरची सूचना पोचत नाही. त्यांच्यासाठी वर्गशिक्षिका डायरीत लिहून देतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बाप कामावर घेऊन जातो, त्या घरी मुख्याध्यापिका सिस्टर स्वतः जातात. मुख्याध्यापिकेने पाड्यावर जाऊन ओसरीवर बसून निकालाची तारीख सांगायची, हे नोकरीच्या नियमात कुठे लिहिलेलं नाही. मला मात्र शाळेच्या सगळ्या कामांत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

[दृश्य: प्रार्थनेसाठी उभी मुलं. पुढे टेबलावर एक फोटो, मेणबत्ती, मोगऱ्याचा हार.]

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले. बातमी जाहीर झाली तेव्हा आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजला होता. मुलं घरी परतली होती, शिक्षक पेपर तपासत बसले होते. मंगळवारी सकाळी परीक्षेआधी दोन मिनिटं शांतता पाळली. देशाने तीन दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर केला होता, २२ आणि २३ एप्रिल आणि अंत्यविधीचा दिवस २६. पाचवीतल्या एकाने विचारलं, "टीचर, ते आपल्या वसईला कधी आले होते?" आले नव्हते. मग टीचरनी त्याला सांगितलं की २०१५ साली या पोपनी सगळ्या जगाला उद्देशून पृथ्वीच्या रक्षणावर एक दीर्घ पत्र लिहिलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, वसईची शेतं, विहिरी आणि झाडं वाचवण्यासाठी हरित वसईच्या चळवळीत इथले लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

दिब्रिटोंचं नाव या शाळेत यंदा दुसऱ्यांदा असं घेतलं गेलं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. शाळा सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता. नंदाखालचा हा माणूस जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. कॅथलिक धर्मगुरू, आणि मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर. आजच्या दहावीतली मुलं तेव्हा पाचवीत होती. ज्या भाषेत आपण घरी भांडतो आणि चर्चमध्ये प्रार्थना करतो, त्याच भाषेत आपल्यातला एक माणूस सगळ्या महाराष्ट्राशी बोलतो, हे त्यांनी त्या वयात पाहिलं. एका मृत्यूने वर्ष सुरू झालं आणि दुसऱ्याने सरत आलं. मध्ये, ३ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शाळेत पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

[दृश्य: रिकामा वर्ग. फळ्यावर प्रमेयाची आकृती, खाली विद्यार्थ्यांच्या सह्या.]

२५ एप्रिलला शेवटचा पेपर झाला आणि त्याच दुपारी गणिताच्या टीचरांचा निरोप समारंभ झाला. त्यांची निवृत्ती कागदोपत्री ३१ मे ची. या तारखेला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून शिक्षक निवृत्त होतात, आणि त्यामागे एक जुनी रीत आहे. त्या पिढीतल्या अनेक घरांत मुलाच्या जन्माची तारीख कुणी लिहून ठेवलेली नसे. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी अंदाजाने साल धरत आणि तारीख लिहीत १ जून. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की अठ्ठावन्न वर्षं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पूर्ण झाली असं धरतात. म्हणून ३१ मे. टीचरांच्या आईच्या आठवणीप्रमाणे त्यांचा जन्म भर पावसातला, नारळी पौर्णिमेच्या आसपासचा.

त्या याच शाळेत शिकल्या. वडील केळी आणि विड्याच्या पानांची वेल करायचे. पहाटे पाने मोजून करंडीत भरायची आणि मग शाळेत यायचं, असं त्यांचं बालपण. पुढे त्यांनी शेकडो मुलांना अपूर्णांक शिकवताना पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, आणि केळ्यांच्या फण्या वापरल्या. निरोपाला माजी विद्यार्थी आले होते. एक जण बँकेत आहे, एक जण पाचूबंदरला स्वतःची बोट चालवतो, एक नर्स आहे. बोटवाल्याने सांगितलं की डिझेलचा हिशेब तो अजून टीचरांनी शिकवलेल्या पद्धतीने करतो. भाषणं लांबली. सरबत संपलं, तरी कुणी उठलं नाही.

पुढे ८ मे ला नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे. त्यांनी विद्यापीठात गणिताची पदवी घेतली आहे. ही बातमी कळल्यावर टीचरांना किती फोन गेले असतील, तुम्हीच विचार करा.

[दृश्य: १ मे. ध्वजारोहण. ओळीत उभी मुलं, हातात प्रगतिपुस्तकं.]

१ मे. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि कॅथलिक पंचांगात त्याच दिवशी कामगार संत जोसेफ यांचा सण. सुतारकाम करून घर चालवणारा संत. सकाळी मिस्सा, मग झेंडावंदन आणि राज्यगीत, मग निकाल. पाचवी ते नववीच्या मुलांना प्रगतिपुस्तकं मिळाली. पहिल्या आलेल्यांची नावं माइकवरून घेतली गेली. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळालं सातवीतल्या एका मुलीला. ती पाड्यावरून येते. पावसाळ्यात ओढा भरला की तिची वाट तासभराने वाढते. टाळ्या तिलाच सगळ्यात जास्त पडल्या, आणि त्या पडायलाच हव्या होत्या.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्याभोवती जमलेली डोकी.]

१३ मे, दुपारी एक. दहावीचा निकाल. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. नेहमीप्रमाणे कोकण विभाग पहिला, ९८.८२ टक्के. इथे एक गोष्ट सांगायला हवी. परीक्षा मंडळाच्या कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात. वसई कोकणात असली तरी तिचे आकडे मुंबई विभागात जातात.

शाळेत पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो फलकावर लागला आहे. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण दोन विषय राहिलेला एक मुलगा त्या दिवशी शाळेकडे फिरकलाच नव्हता. वर्गशिक्षक सर संध्याकाळी सायकल काढून त्याच्या घरी गेले. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच आहे, वर्ष वाया जाणार नाही, अर्ज शाळेतूनच भरायचा आहे, हे त्याच्या आईसमोर बसून समजावलं. तो आता रोज सकाळी शाळेच्या वाचनालयात येऊन बसतो. अकरावीचे प्रवेश यंदापासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. ज्या घरांना ते जमत नाही, त्यांचे अर्ज शाळेच्या संगणक खोलीत भरून दिले जात आहेत.

[दृश्य: पाचूबंदर. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटी, ताडपत्र्या, पाऊस.]

पाऊस या वर्षी मे महिन्यातच आला. २६ तारखेला मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. म्हणजे नेमकी शाळा उघडते, वह्या, दप्तर, छत्री घ्यायची असते, तेव्हाच कोळ्याच्या घरात कमाई थांबलेली असते. शाळेने हे ओळखून आपलं वेळापत्रक बदललं. गणवेशाचं कापड आता मे महिन्यातच दिलं जातं, पैसे नारळी पौर्णिमेनंतर दिले तरी चालतात. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत येतात. नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात, म्हणून पास झालेल्यांकडून जुनी पुस्तकं गोळा करून, कव्हर घालून, कपाटात रचून ठेवली आहेत. काही पुस्तकांच्या समासात आधीच्या मुलाने पेन्सिलने केलेल्या खुणा आहेत. मुलांना तीच पुस्तकं हवी असतात.

[दृश्य: कार्यालय. उघडी नोंदवही. पानावर मोजकी नावं, खाली बराच कोरा भाग.]

आता पाचवीचा वर्ग. ज्या बातमीसाठी हे चित्रीकरण केलं, ती ही.

गणिताच्या टीचर निवृत्त होत आहेत. त्यांची जागा भरली जाईल की नाही, हे पाचवीत किती मुलं येतात यावर बरंचसं ठरणार आहे. अनुदानित शाळेत किती शिक्षक हवेत, हे दरवर्षी संच मान्यतेने ठरतं. ३० सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत, त्यांतल्या किती जणांचं आधार जुळलेलं आहे, ते मोजतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक झाले. वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला, तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. पद गेलं की विषयाचा शिक्षक जातो, तो गेला की पालक मूल काढून घेतात, आणि पुढच्या वर्षी पट आणखी उतरतो. आज पाचवीत राहिलेलं एक रिकामं बाक पाच वर्षांनी दहावीच्या वर्गात जाऊन पोचतं.

मुलं कुठे गेली? इंग्रजी माध्यमात. त्यासाठी कुणा आईबापाला दोष देता येणार नाही. मुलाला चांगली नोकरी लागावी म्हणून पोटाला चिमटा काढून फी भरणारे पालक आहेत ते. पण आम्ही या शाळेत जे पाहिलं ते त्यांना सांगायला हवं. इथे सेमी-इंग्रजी आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. इथली मुलं शंका विचारतात, कारण शंका विचारायची भाषा त्यांच्याकडे आहे. आणि ज्या पालकांना इंग्रजी येत नाही, तेही इथे प्रगतिपुस्तक स्वतः वाचतात, त्यासाठी दुसऱ्या कुणाकडे जावं लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये वाटलेले पेढे पाचवीच्या प्रवेशाच्या या पानावर खरे ठरायचे आहेत. अभिजात दर्जा दिल्लीत मिळाला. त्या भाषेत सातवी-आठवीचा इतिहास वाचणारं, वादविवाद करणारं, चुका करून शिकणारं मूल मात्र अशाच शाळेत घडतं, आणि त्यासाठी शाळा चालू असावी लागते. वेदीवरून मराठीचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनी, आणि त्यात संस्थेचे विश्वस्त, शिक्षक, चर्चचे पदाधिकारीही आले, आपलीच नातवंडं कुठे घालतो हे एकदा पाहावं. हे मी रागाने म्हणत नाही. या शाळेवर जीव आहे म्हणून म्हणते.

[दृश्य: शिपाई मामा फलकावर नवा कागद लावतात. निवेदिका तोच वाचते.]

शाळा सोमवार, १६ जूनला उघडेल. पाचवीचे प्रवेश सुरू आहेत. कार्यालय रविवार सोडून रोज सकाळी उघडं असतं. चौथीचा दाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो आणावेत. दाखला अजून हातात आला नसेल, तरी मुलाला घेऊन यावं, त्याच्या जुन्या शाळेशी आम्ही बोलू. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या पालकांनी शिक्षण हमी कार्ड, म्हणजे गाव बदललं तरी मुलाचं शिक्षण चालू राहावं म्हणून मिळणारं कार्ड, सोबत आणावं, नसेल तर विचारावं. प्रवेश सर्व धर्मांच्या, सर्व पाड्यांच्या मुलांना खुला आहे. पाड्यावरच्या पालकांसाठी सिस्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडे येणार आहेत. अर्ज त्या सोबत घेऊन येतील.