पाळ्यांची यादी आणि सिकलसेल

नमस्कार श्रोतेहो.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी २६ वर्षे काम केले. डॉक्टर औषध लिहून देतात; ते औषध घेत असलेला माणूस घरी, शेतावर आणि कारखान्यात कसा निभावणार, हे पाहणे आमच्याकडे असते. आज मी सिकलसेलच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणार आहे, आणि तेही एकाच प्रश्नावर : आपल्या आजारामुळे कामाच्या ज्या वेळा आपल्याला झेपत नाहीत, त्याविषयी मालकाशी किंवा साहेबांशी बोलायचे कसे?

विदर्भात, गडचिरोलीपासून अमरावतीपर्यंत, आणि तिकडे नंदुरबारमध्ये हा आजार घरोघरी ठाऊक आहे, म्हणून त्याची ओळख मी थोडक्यातच करून देते. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू देऊन झाल्यावर विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत व सांध्यांत ते दुखणे उठते, जे ज्याला होते त्यालाच कळते. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, झोप मोडली किंवा अतिश्रम झाले की हे दुखणे उठण्याचा धोका वाढतो. आता या चारही गोष्टी एका जागी आणून ठेवा. पाणी नाही, थंडी आहे, झोप नाही, श्रम आहेत. हिवाळ्यातली रात्रपाळी ही अशीच जागा आहे.

आणखी एक खुलासा येथेच करते. तपासणीच्या कागदावर ‘एएस’ असे लिहिले असेल, तर तुम्ही वाहक आहात, म्हणजे स्वतः रुग्ण नाही, पण हा दोष पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही आणि नोकरीच्या ठिकाणी त्याने काही सांगण्याची गरज नाही. मी बोलते आहे ते ‘एसएस’ असलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण असलेल्या माणसांविषयी.

आता ज्या तरुणाची हकीकत मी अनेक प्रशिक्षणांत सांगत आले आहे, ती आज तुम्हालाही सांगते.

हिंगणघाटकडचा हा मुलगा, वय २४, एका सूतगिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या यंत्रांवर, कामाला होता. गिरणीत तीन पाळ्या : सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा, आणि अकरा ते सकाळी सात. दर आठवड्याला पाळी बदले. आजाराविषयी त्याने गिरणीत कोणालाही सांगितले नव्हते, कारण सांगितले तर कायम करणार नाहीत, अशी भीती त्याला होती. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. दुखणे उठले की तो काहीतरी कारण सांगून घरी राही. कधी मावशीच्या घरचे लग्न, कधी गावाकडचे तेरावे. सहा महिन्यांत टाइम ऑफिसच्या नोंदीत तो बेभरवशाचा कामगार ठरला आणि त्याला ताकीदपत्र मिळाले. तेव्हा घाबरून त्याने डॉक्टरांकडून दाखला घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. दाखल्यात एकच ओळ होती : ‘सिकलसेलचा रुग्ण असल्याने यांना हलके काम द्यावे.’

श्रोतेहो, आता त्या साहेबांच्या जागी बसून विचार करा. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तो दाखला वाचला, गिरणीतले सर्वांत हलके काम कोणते याचा विचार केला, आणि या मुलाला फाटकावर बसवले. बसायला खुर्ची, उचलायचे काही नाही, ट्रक आला तर नोंद करायची. पाळी कोणती? फाटकावर माणूस रात्रीच कमी होता, म्हणून रात्रीची. महिना डिसेंबरचा. उघड्या फाटकावर, वाऱ्यात, अकरा ते सात. पुन्हा सांगते : हलके काम, डिसेंबरची रात्र आणि उघडे फाटक. चौथ्या रात्री त्याला ॲम्ब्युलन्समधून आणले, आणि पुढचे आठ दिवस तो आमच्या वॉर्डात सलाइनवर होता.

तेथेच त्याची आई मला भेटली. मी तिला विचारले, की दुखणे केव्हा केव्हा उठते याचा काही अंदाज आहे का. ती म्हणाली, “रातपाळी लागली का दुखणं उठतेच, बाई.” मी म्हटले, की हे मला पटते, पण गिरणीत कसे पटवायचे? दुसऱ्या दिवशी ती घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका गुंडाळी करून घेऊन आली. आपण सगळे त्या चौकटींत दुधाचा हिशोब लिहितो, तसाच तिनेही लिहिलेला होता. एक लिटर, अर्धा लिटर, खाडा. आणि काही चौकटींत निळ्या शाईने नुसते ‘दु’ लिहिले होते. मला वाटले, दुधाचेच काही असेल. ती म्हणाली, “दूध नाही बाई, दुखणं.” नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून अकरा ‘दु’ होते. मुलाला उशाशी बसवून आम्ही त्या पानांवर त्याच्या पाळ्या लिहिल्या. अकरांपैकी नऊ ‘दु’ रात्रपाळीच्या आठवड्यांत किंवा ती संपल्यानंतरच्या दोन दिवसांत पडले होते.

मोबाइलवर आता अशा नोंदींची पुष्कळ साधने आहेत. तरी माझे मत असे, की भिंतीवरच्या दिनदर्शिकेला तोड नाही, कारण ती घरातले सगळे रोज पाहतात आणि तिच्यावर लिहायला कोणाला शिकवावे लागत नाही.

त्या पानांवरून आम्ही डॉक्टरांना नवा दाखला मागितला आणि मुलाच्या हस्ताक्षरात एक अर्ज तयार केला. अर्जाची सुरुवात काय जमत नाही येथून केली नाही. ‘रिंग खात्यातले माझे नेहमीचे काम मी पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत पूर्ण करू शकतो,’ हे पहिले वाक्य. नंतर लिहिले, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी अकरा ते सातची पाळी देऊ नये. यंत्राजवळ पाण्याची बाटली ठेवू द्यावी आणि ती भरून आणण्यासाठी दोन मिनिटे जाऊ द्यावे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी रुग्णालयात तपासणी असते, त्या दिवशी दुसरी पाळी द्यावी. आणि दुखणे किंवा ताप सुरू झाल्यास सुपरवायझरला सांगून लगेच निघण्याची मुभा असावी. तीन महिन्यांनी या व्यवस्थेचा पुन्हा विचार करावा, अशी शेवटची ओळ होती. ‘हलके काम’ हे शब्द अर्जात कोठेही नव्हते.

साहेबांना भेटायला मीही गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, दिनदर्शिकेची पाने पाहिली, आणि त्यांची अडचण सरळ सांगितली : “मॅडम, या खात्यात माझ्याकडे बावीस माणसे आहेत. याला तिसऱ्या पाळीतून काढले, तर ती पाळी बाकीच्यांच्या वाट्याला अधिक येणार, आणि ते मला विचारणार.” हा प्रश्न रास्त होता, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. उत्तर त्या मुलाने दिले. तो म्हणाला, “साहेब, पोळ्याला आणि दिवाळीला सगळ्यांना गावी जायचं असते. त्या दिवसांच्या पाळ्या मला द्या. पोळा तर ऑगस्ट-सप्टेंबरात येते, तेव्हा मला थंडीचा त्रास नसते.” साहेबांनी तेथेच यादी काढली. रात्रपाळीचा भत्ता मुलाला सोडावा लागला, आणि घरात तो जाणवला, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या हिवाळ्यात आईने मला पाने दाखवली, तेव्हा चार महिन्यांत ‘दु’ दोनच होते, त्यातला एक तापाचा.

श्रोतेहो, या हकीकतीत मी वेळ घेतला, कारण सांगायचे होते ते बहुतेक तिच्यातच आले आहे. मालकाला आजाराचे शास्त्र कळणे आवश्यक नसते. त्याच्यासमोर पाळ्यांची यादी असते. म्हणून आपली अडचण त्या यादीच्या भाषेत सांगावी. कोणत्या वेळा, कोणते महिने, किती मिनिटे, कोणता वार. पुन्हा सांगते : वेळा, महिने, मिनिटे, वार.

माझे डॉक्टर बंधुभगिनी ऐकत असतील, तर त्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की ‘हलके काम’ ही ओळ दाखल्यातून काढून टाकावी. ती लिहायला सोपी असते आणि वाचणाऱ्याने तिचा काहीही अर्थ लावावा, अशी असते. त्याचप्रमाणे कारखान्यांना एक सांगते. दहा वाजता चहा प्रत्येकाच्या हातात येतो, आणि पिण्याचे पाणी मात्र खात्याच्या दुसऱ्या टोकाला असते. ही मांडणी उन्हाळ्यात निरोगी माणसालाही योग्य नाही.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता मानतो, त्यांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. कामाच्या ठिकाणी आवश्यक ते वाजवी फेरबदल करून देण्याची कल्पना याच कायद्यात आहे. मात्र त्या फेरबदलाचा बोजा मालकावर अवाजवी नसावा, असेही तो म्हणतो. सरकारी कार्यालयांवर ही जबाबदारी थेट आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगता आली, या कारणाने तेथे कोणाला काढून टाकता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. तुमच्या कंपनीचे ते धोरण मागून घ्या आणि वाचा. दिव्यांगतेचे प्रमाणपत्र नसेल, तर सरकारी रुग्णालयातून ते काढून घ्या. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, तुमच्या पगारातून कपात होत असेल आणि तुम्ही पात्र असाल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. तेव्हा खोटी कारणे सांगून बिनपगारी घरी राहू नका.

तरीही मी कायदा आधी काढत नाही. आधी अर्ज, आधी बोलणे, आणि तेही बऱ्या दिवसात. दुखणे अंगात असताना किंवा ताकीदपत्र हाती पडल्यावर केलेली मागणी सबबीसारखी ऐकू येते. पाळ्यांची यादी जो लावतो त्याच्याशी आधी बोला, मग वर जा. सहकाऱ्यांना किती सांगायचे, हे तुम्ही ठरवा. अर्जातली माहिती खात्यात पसरू नये, असे साहेबांना स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ज्या बहिणी रोजमजुरीवर जातात, त्यांना अर्ज द्यायला कोणी साहेब नसतो, हे मी जाणते; त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाशी बोलावे आणि बोलताना गावातल्या आशाताईंना सोबत न्यावे.

आणि अर्जाची पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. त्या मुलाचे साहेब चार वर्षांनी दुसरीकडे गेले. नव्या साहेबांना काही माहीत नव्हते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच यादीत त्याचे नाव तिसऱ्या पाळीत आले. त्याने काही वाद घातला नाही. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेली पोचेची प्रत तो घेऊन गेला, तिच्यावर आधीच्या साहेबांची सही होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळी टाइम ऑफिसबाहेर लावलेल्या यादीत त्याच्या नावापुढचा ३ खोडून लाल शाईने १ लिहिलेला होता.

नमस्कार.