कारखान्यावर निघण्याआधी तारखेचं बघा

(ऊसतोड कामगारांच्या गावातल्या कायदेविषयक शिबिरात एका महिला वकिलांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतील, गाड्या लागतील आणि मार्च-एप्रिलपर्यंत निम्मं गाव सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडच्या फडात असेल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात काही ना काही केस चालू आहे. कुणाचा भावकीतल्या बांधाचा दावा, कुणावर मारामारीचा गुन्हा, कुणावर उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशांवरून चेक न वटल्याची केस. हंगाम सुरू झाला म्हणून कोर्टाच्या तारखा थांबत नाहीत. आणि हंगामात मला जे फोन येतात, त्यांतल्या बऱ्याच फोनवर पहिलं वाक्य असतं, "ताई, वॉरंट निघालंय म्हणतात, आता काय करू?" या माणसांना कोर्टाला फसवायचं नसतं. ती पोटासाठी बाहेर गेलेली असतात आणि कोर्टाला ते कुणी कळवलेलं नसतं. हे कळवणं कसं करायचं, तेच आज सांगायचं आहे.

तारखेच्या दिवशी काय होतं ते आधी बघू. अकराच्या सुमारास बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, सुरू होतो. शिपाई दारात येऊन नाव पुकारतो. कुणी उठलं नाही तर साहेब बहुधा प्रकरण बाजूला ठेवतात आणि नंतर, कधी दुपारच्या सुट्टीनंतर, पुन्हा पुकारा होतो. तेव्हाही पक्षकार नाही, वकील नाही आणि अर्जही नाही, असं झालं की रोजनाम्यात, म्हणजे केसच्या रोजच्या नोंदीत, ओळ पडते: आरोपी गैरहजर, वॉरंट काढा. म्हणून एसटी चुकली, उशीर झाला, तरी अर्ध्या वाटेतून घरी फिरू नका. वकिलाला फोन करा, आणि दुपारी का होईना, कोर्टात पोचा.

येताच येणार नसेल तर फौजदारी केसमध्ये हजेरी माफीचा अर्ज असतो. 1 जुलै 2024 पासून फौजदारी केस कशी चालवायची हे सांगणारी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम 355 खाली येतो. जुने वकील अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून "तीनशे सतराचा अर्ज" म्हणतील, गोष्ट तीच. वकील तुमच्या वतीने अर्ज देतात, कारण पटलं तर त्या दिवसापुरती हजेरी माफ होते. आरोप निश्चित करायची, आरोपीचा जबाब घ्यायची किंवा निकालाची तारीख असेल तर मात्र सहसा स्वतःच यावं लागतं. त्यामुळे "पुढची तारीख कशासाठी आहे?" हे वकिलाला दर वेळी विचारा. चेकच्या केसचं थोडं वेगळं आहे. ज्याने चेक वटवायला टाकला, त्याचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात ती केस चालते. म्हणजे इथल्या मुकादमाला तारखेसाठी पार सांगली-कोल्हापूर गाठावं लागू शकतं. अशा वेळी सुरुवातीलाच, वकिलामार्फत हजर राहू द्यावं असा अर्ज कलम 228 खाली देता येतो. तो मंजूर करायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात, पण मागितलाच नाही तर मिळणार कुठून?

आता कारणं. कुठलं कारण चालतं याची यादी कायद्यात नाही. कायदा म्हणतो, पुरेसं कारण हवं. दवाखान्यात दाखल असणं, बाळंतपण, घरात मयत होणं, पुराने किंवा दरड कोसळून रस्ता बंद होणं, दुसऱ्या केसमध्ये तुरुंगात असणं, समन्सच न मिळणं ही कारणं कोर्ट ऐकतं. पण कारण त्या दिवसाचं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली जी. पी. श्रीवास्तव यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: ज्या तारखेला गैरहजेरीमुळे आदेश झाला, त्या तारखेला का येता आलं नाही तेवढं बघायचं, त्याआधीची चूकभूल त्यात ओढायची नाही. हा निकाल गरिबाच्या बाजूचा आहे. मागच्या दोन तारखा चुकल्या असल्या तरी या तारखेचं कारण खरं असेल तर ते सांगायची तुम्हाला जागा आहे.

कारणाला कागद लावा. पण महिन्यानंतर कुठल्या तरी डॉक्टरकडून आणलेल्या, "अशक्तपणामुळे विश्रांतीचा सल्ला" असं मोघम लिहिलेल्या दाखल्याला फार वजन राहत नाही. त्याच तारखेचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधाचं बिल, मृत्यूचा दाखला हे उपयोगी पडतं. लग्नाचं कारण घेऊन बरेच जण येतात. लग्नाची तारीख आधी माहीत असते, तेव्हा मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागायचा अर्जही आधीच द्यायला हवा. ऊसतोडीचंही तसंच. "कामावर होतो" एवढं नंतर सांगितलं तर कोर्ट ऐकेलच असं नाही. पण जाण्याआधी अर्ज दिला, त्यात कारखान्याचं नाव, टोळीचा मुक्काम, परतायचा महिना लिहिला, तर न्यायाधीशांपुढे पळून न गेलेला माणूस उभा राहतो.

वॉरंट निघालंच तर? सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितलं की समन्स किंवा जामीनपात्र वॉरंटने काम होत असेल तर एकदम अजामीनपात्र वॉरंटाकडे जाऊ नये. पण जामिनावर सुटलेला माणूस येत नाही असं दिसलं की अजामीनपात्र वॉरंट निघतं. तेव्हा पोलीस फडात येईपर्यंत थांबू नका. स्वतः हजर व्हा, वकील वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देतात, आदेश होईपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. दंड झाला तर नाझरकडे, म्हणजे कोर्टातल्या पैसे भरून घेणाऱ्याकडे भरायचा, पावती घ्यायची, आणि वॉरंट रद्द झाल्याचं पोलीस ठाण्याला कळलं की नाही हे बघायचं. कित्येकदा कोर्टात रद्द झालेलं वॉरंट ठाण्याच्या वहीत तसंच पडून असतं आणि पोळ्याला गावी आलेल्या माणसाला रात्री उचलून नेतात. म्हणून आदेशाची नक्कल खिशात ठेवा.

तरीही आला नाहीत तर पुढची पायरी जाहीरनाम्याची आहे. हजर व्हायला किमान 30 दिवसांची मुदत देऊन तो गावात वाचला जातो, घरावर लावला जातो, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. जामिनावर असताना पुरेशा कारणाशिवाय न येणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

आणि जामीनदाराची आठवण ठेवा. ज्या मामाने, ज्या चुलतभावाने सातबारा पुढे करून तुम्हाला सोडवलं, त्याला नोटीस जाते. जामीनपत्रात लिहिलेली रक्कम त्याच्याकडून दंड म्हणून मागितली जाते आणि वसूल झाली नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कोर्ट यातली काही रक्कम माफ करू शकतं, पण तोवर त्याच्या घरात काय होतं हे मी पाहिलं आहे. भाच्यासाठी उभा राहिलेला माणूस पुन्हा कुणासाठी उभा राहत नाही.

दिवाणी दाव्यात पोलीस येत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त राहतात. नुकसान मात्र तिथे जास्त होतं, कारण जमीनच जाते. प्रतिवादी आला नाही तर दावा एकतर्फी चालतो. वादी आला नाही आणि प्रतिवादी हजर असेल तर दावा काढून टाकला जातो, आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. दोन्ही बाबतीत उपाय आहे: 30 दिवसांच्या आत अर्ज. समन्स नीट बजावलंच नव्हतं तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम आदेश, कळल्यापासून 30 दिवस. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत. नुसता एकतर्फी आदेश झालाय, निकाल बाकी आहे, तर आहे तिथून दाव्यात सहभागी होता येतं, कुणी हाकलत नाही. पोटगीचा एकतर्फी आदेश रद्द करून घ्यायला तीन महिने असतात.

वकीलच आला नाही तर? रफीक विरुद्ध मुन्शीलाल, 1981. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण आजची कोर्टं हेही विचारतात की तुम्ही स्वतः चौकशी केली होती का. वर्षभर वकिलाला फोन नाही, तर या निकालाच्या भरवशावर राहू नका.

शेवटी समन्सचं. तुम्ही फडात असताना ते घरी म्हाताऱ्या आईच्या हातात पडतं. पूर्वी फौजदारी समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच देता यायचं, आता घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे, बाईकडेसुद्धा देता येतं. आईला वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराला सांगून ठेवा: असा कागद आला की फोटो काढून पाठव.

बाहेर टेबलावर विधी सेवा समितीची माणसं बसली आहेत. केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, आपल्याकडे एमएचने सुरू होणारा. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख फोनवर दिसते. ज्यांना तो माहीत नाही त्यांनी नाव आणि कोर्ट सांगा, शोधून लिहून देतील. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. बाहेरगावी असलात तर 15100 या क्रमांकावर फोन करा. आणि ज्यांची तारीख दिवाळीनंतर आहे, त्यांनी आज अर्ज लिहून घेतल्याशिवाय उठू नका.