दोनशे उड्यांनंतर पंख

विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेला सूट घालून उडायला शिकायचंय म्हणून परदेशातल्या कुठल्याही ड्रॉप झोनला, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायच्या केंद्राला, विचारून बघा. तिकडून आधी एकच प्रश्न येईल. लॉगबुकमध्ये उड्या किती?

अमेरिकेत युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचा, म्हणजे यूएसपीएचा नियम स्पष्ट आहे. हातात चालू परवाना हवा आणि किमान 200 उड्या हव्यात, त्याशिवाय विंगसूट घालायचा नाही. इन्स्ट्रक्टरच्या छातीला बांधून टँडम उड्या मारत हा आकडा गाठता येत नाही. विमानातून स्वतः बाहेर पडायचं, स्वतः पॅराशूट उघडायचं आणि स्वतः जमिनीवर उतरायचं, असं 200 वेळा. म्हणून या सहलीचं नियोजन सुट्टीच्या दोन आठवड्यांचं नसतं, काही वर्षांचं असतं.

(दृश्य: कोरडं वाळवंट, धावपट्टी, रांगेत उभे उडीबाज)

हे अ‍ॅरिझोनातलं इलॉय. फिनिक्स आणि ट्युसॉनच्या मधलं गाव. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, म्हणून जगभरचे स्कायडायव्हर तेव्हा इथे येतात. उन्हाळ्यात मात्र अंग भाजून निघतं. फ्लोरिडातलं डीलँडही या खेळाचं मोठं केंद्र, पण तिथे उन्हाळ्याच्या दुपारी ढग गडगडायला लागले की विमान जमिनीवरच राहतं. युरोपात स्पेनच्या किनाऱ्यावर एम्पुरियाब्रावा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पिरेनीज पर्वत, आणि उत्तरेकडून येणारा ट्रामोंताना वारा. हा वारा सुटला की उड्या थांबतात. त्यामुळे जागा निवडताना आधी महिना निवडा आणि हाताशी चार दिवस जास्तीचे ठेवा. वाऱ्यामुळे बसून काढलेला दिवस या खेळात वाया गेला असं कुणी मानत नाही. त्या दिवशी पॅराशूट घडी करायला शिकतात.

आता हिशोब. पहिल्या फेरीत एएफएफ, म्हणजे दोन्ही बाजूंना इन्स्ट्रक्टर घेऊन मुक्तपतन शिकायचं. मग 25 उड्या पूर्ण करून, परीक्षा देऊन ए परवाना, म्हणजे पहिल्या पायरीचा. हवामानाने साथ दिली तर दोन-तीन आठवड्यांत होतं. त्यानंतर दिवसाला चार उड्या आणि आठवड्याला पाच चांगले दिवस धरले, तरी तीन आठवड्यांच्या सुट्टीत साधारण 60 उड्या होतात. अशा तीन सुट्ट्या घेतल्या की दोनशेचा टप्पा ओलांडतो. विंगसूटची पाळी येते पाचव्या फेरीत.

शिवाय मध्ये खंड पडतो. ए परवानाधारकाने 60 दिवस उडी मारली नसेल, तर पुढची उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी, अशी यूएसपीएची शिफारस आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसाने प्रत्येक सहलीचा पहिला दिवस या उजळणीसाठी राखून ठेवावा. मला तर वाटतं, सक्ती नसली तरी ठेवावा.

खर्चाचा अंदाज असा. एका उडीचं तिकीट अमेरिकेत साधारण 30 डॉलर, भाड्याचं पॅराशूट घेतलं तर जवळपास तेवढेच आणखी. दोनशेने गुणा. विमानाचं भाडं, खोली, जेवण वेगळं.

कागदपत्रांत दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीची तारीख कधी कधी महिनोन्महिने मिळत नाही, तेव्हा ड्रॉप झोनला आगाऊ पैसे भरण्याआधी व्हिसा हातात येऊ द्या. दुसरी गोष्ट विम्याची. स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो आपण काढतो आणि निर्धास्त होतो. पण साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात. पायाचं हाड मोडलं तर परदेशातल्या रुग्णालयाचं बिल घरावर येतं. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. स्कायडायव्हिंगचा नावानिशी उल्लेख आहे का, ते बघा. नसेल तर वेगळा विमा घ्या. इथे कंजूसपणा नको.

(दृश्य: जमिनीवर पसरलेला विंगसूट, हातापायांमधलं कापड)

दोनशे उड्यांची अट का, ते या सुटाकडे बघितलं की कळतं. दोन पंख दंड आणि बरगड्यांमध्ये, तिसरा दोन पायांच्या मध्ये. पुढच्या बाजूच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि कापड फुगून टणक होतं. साधा स्कायडायव्हर ताशी 190 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. साडेतेरा हजार फुटांवरून पॅराशूट उघडेपर्यंत त्याला मिळतं जेमतेम एक मिनिट. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो आणि पुढे जाण्याचा वेग वाढतो. एका मिनिटाची दोन-अडीच मिनिटं होतात. पण हातपाय कापडात बांधलेले असतात, आणि जी हालचाल तोवर अंगवळणी पडलेली असते ती सगळी बदलते.

दारातून बाहेर पडताना पंख मिटलेलेच ठेवायचे. विमान वेगाने पुढे जात असतं. त्या वाऱ्यात पंख लगेच उघडले तर शरीर वर उचललं जातं आणि शेपटीवर आदळू शकतं. म्हणून पहिल्या कोर्सचा बराच वेळ जमिनीवर, उघड्या दारासमोर जातो. विंगसूटवाले सहसा सगळ्यांच्या शेवटी उडी मारतात, कारण ते दूरवर जातात. कुठल्या बाजूला वळायचं, वाऱ्याच्या कुठल्या अंगाने परत यायचं, हा मार्ग आधी नकाशावर आखून पाठ करायचा. पॅराशूट उघडताना दोन्ही हात आणि पाय एकाच वेळी मिटायचे. एक पंख उघडा राहिला तर शरीर फिरतं आणि दोऱ्यांना पीळ बसतो. पॅराशूट उघडल्यावरही हाताच्या चेन उघडल्याशिवाय वरच्या पट्ट्यांपर्यंत हात पोचत नाहीत. म्हणून नवशिक्याला जास्त उंचीवर, साधारण 5,000 फुटांच्या वरच, पॅराशूट उघडायला लावतात, आणि पॅराशूटही मोठं, शांत स्वभावाचं देतात.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. बहुतेक स्कायडायव्हरच्या पाठीवर एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला, तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. सायप्रस या यंत्राचं नेहमीचं मॉडेल जमिनीपासून सुमारे 225 मीटरवर काम करतं, पण त्या वेळी खाली येण्याचा वेग सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त असायला हवा. म्हणजे ताशी 126 किलोमीटर. विंगसूटमध्ये पसरून उडणाऱ्याचा वेग याहून कमी असू शकतो. यंत्राला वाटतं, याचं पॅराशूट उघडलेलंच आहे. ते गप्प राहतं. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर उडालो, तो भरवसा नेमका इथे कमी होतो. विंगसूटसाठी वेगळी मॉडेल आली आहेत. भाड्याने साहित्य घेताना पाठीवर कुठलं मॉडेल आहे, हे विचाराच.

सावधगिरीची ही शिकवण या खेळाने महागात घेतली आहे. अमेरिकेचा क्लेम सोन कापडी पंख बांधून उडायचा. 1937 मध्ये पॅरिसजवळ हजारो लोकांसमोर त्याचं पॅराशूट उघडलं नाही. फ्रान्सचा लिओ व्हालांतँ लाकडी पंख वापरायचा. 1956 मध्ये लिव्हरपूलला उडी मारताना त्याचा मृत्यू झाला. हवेने फुगणारा आजचा विंगसूट घडवला पात्रिक द गेयार्दोंने, 1990 च्या दशकात. 1998 साली हवाई बेटांवर त्याचा जीव गेला, आणि कारण सूट नव्हता, पॅराशूटच्या बांधणीत त्याने स्वतः केलेला बदल होता. पुढच्याच वर्षी फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन कंपनी काढली आणि सुटाबरोबर शिकवण्याची पद्धतही आणली. आज आपल्याला कोर्स मिळतो तो त्यामुळे.

(दृश्य: पटायाचा किनारा)

मराठी माणसाला हे आकाश नवं नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, आणि 2018 मध्ये थायलंडमध्ये पटायाला नऊवारी नेसून. त्यांच्यामुळे कितीतरी घरांत या खेळाचं नाव पहिल्यांदा निघालं. पण भारतात हरियाणातल्या नारनौलसारख्या मोजक्या ठिकाणी उड्या होतात, आणि तिथे बहुतेक लोक टँडमसाठीच जातात. दोनशेचा पल्ला गाठायचा तर अजून तरी बाहेर जावं लागतं.

पाचव्या फेरीत एवढंच करा. सूट विकत घेऊ नका, नवशिक्यांचा छोटा सूट ड्रॉप झोनवर भाड्याने मिळतो. पहिल्या उड्डाणात प्रशिक्षक शेजारून उडतो आणि चित्रण करतो. खाली आल्यावर ते चित्रण त्याच्यासोबत बसून पूर्ण बघा, घाई करू नका. आणि कोर्स संपल्यावर लगेच परतीचं विमान धरू नका. आणखी तीन-चार दिवस त्याच सुटात, त्याच मार्गाने उडा.