भाकड महिन्यांचा खर्च कुणाच्या खात्यावर?

मुंबईच्या श्रोत्यांपुढे गोठ्याविषयी बोलायचं तर सुरुवात आरेपासूनच करावी लागते. १९४९ साली गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली, ती शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या मंडळींनी तबेल्याचा व्यवहार जवळून पाहिलाय. ताजी व्यालेली म्हैस हरयाणा-गुजरातकडून आणायची, दूध आटेपर्यंत पिळायची, आटली की बाहेर काढायची. तिचे भाकड महिने या शहराने क्वचितच पोसले. पण जनावर भाकड राहिलं तरी दावणीला कडबा लागतोच, आणि तो टाकायला मागे शेतकरीच उरतो.

हात वर करा बरं, आज सकाळी पिशवीचं दूध कुणाकुणाच्या घरी आलं? सगळ्यांच्याच. मग हे गाऱ्हाणं तुमचंही आहे.

माझ्या मावसबहिणीचा अकोले तालुक्यात गोठा आहे. चार संकरित गायी, एक कालवड. २०२४ च्या जुलैपासून सरकारने लिटरला ५ रुपये अनुदान दिलं. दूध संघाने ३० द्यायचे, वर ५ सरकारचे. ताई खूष. पण तिची सगळ्यात दुधाळ गाय नेमकी तेव्हा गाभण, सातव्या महिन्याच्या पुढे गेलेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता आटवा, पोटातल्या वासराला खाऊ द्या. तिने आटवली. दोन महिने त्या गायीचं एक लिटर दूध नाही, म्हणजे एक रुपया अनुदान नाही. आणि याच काळात शेवटचे आठवडे पेंड वाढवून द्यावी लागते, नाहीतर पुढचं वेत बिघडतं. उधारी वाढली. गाय व्यायली, दूध सुरू झालं, तर तिचा ओळख-नंबर असलेला कानातला बिल्ला कुंपणाला अडकून पडलेला! नवा बिल्ला लागला, पण संकलन केंद्राच्या यादीत नंबर जुनाच. ‘नंबर जुळत नाही, पैसे येणार नाहीत.’ ताई दहा-दहा दिवसांच्या बिलाच्या पावत्या घेऊन फिरत राहिली. गाय समोर उभी, दूध फॅट-एसएनएफसह (स्निग्धांश आणि त्याशिवायचे घन घटक) मोजलेलं, आणि अनुदान अडलं एका आकड्यावर. मला याचा अजून राग येतो. बिल्ला असावाच, ओळख पटायला हवीच. पण तो नंबर दुरुस्त करायची जबाबदारी शेतकऱ्याच्या चपला झिजवून का पार पडावी?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. मुद्दे पटापट मांडतो.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून अनुदान ५ वरून ७ झालं. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच वेळी संघाचा दर ३० वरून २८ झाला. बेरीज आधीही ३५, नंतरही ३५. वाढलेले दोन रुपये गोठ्यात आलेच नाहीत. लिटरमागचं अनुदान पडलेला दर सावरायला उपयोगी आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण नफा बुडतो तो न मोजलेल्या जागी, म्हणजे आटलेल्या गायीत आणि अडीच-तीन वर्षं फक्त खाणाऱ्या कालवडीत.

म्हणून माझी मागणी अशी. गर्भतपासणीची नोंद बिल्ल्याच्या नंबरावर होतेच, तीच आधार धरून गाभण गायीच्या शेवटच्या दोन महिन्यांचं खाद्य-अनुदान थेट खात्यात द्या. केरळात कालवडींना निम्म्या किमतीत पशुखाद्य देणारी योजना आहे, तशी इथेही हवी. पावसाळ्यात मुरघास, म्हणजे हवाबंद साठवलेला हिरवा चारा, करायला गावात सामाईक यंत्र द्या, म्हणजे उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागणार नाही. नोंदीतली चूक पशुधन अधिकाऱ्याने गोठ्यावर येऊन, दिवस ठरवून दुरुस्त करावी. मंत्रालय इथेच, नरिमन पॉइंटला आहे, आणि दूध पिणारा मतदारही इथेच आहे. तुमच्या आमदाराला एकदा विचारा, भाकड गायीसाठी काय तरतूद आहे? आता प्रश्न घेतो.