पेन्सिलीनं लिहिलेलं वर्ष

(दृश्य: टेबलावरचा दिवा. दोन वह्या, एक पेन्सिल, झिजून बोटाच्या पेराएवढं उरलेलं खोडरबर.)

सोमवार, २९ डिसेंबर २०२५. सोमवार म्हणजे चर्चच्या पाळकांच्या सुट्टीचा वार, निदान कागदावर तरी. नाताळच्या उपासनांनी त्यांचा घसा पार बसलाय, त्यामुळे या फिल्ममध्ये ते फारसं बोलणार नाहीत. आमच्या ते पथ्यावरच पडलं. बघण्यासारखं जे आहे ते या टेबलावर आहे.

डावीकडची जाडजूड वही मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन, सगळ्याची नोंद हिच्यात. ही शाईनं लिहायची. चूक झालीच तर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी सही करायची; मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे. या वर्षी दफनाची पानं बाप्तिस्म्याच्या पानांपेक्षा जास्त भरली.

उजवीकडची पातळ वही २०२६ची. ती सगळी पेन्सिलीची.

(दृश्य: पेन्सिल कोऱ्या पानावर रकाने आखते. वर तारखा, खाली रिकाम्या ओळी.)

खरं म्हणजे पाळकांचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतच नाही. ते महिन्याभरापूर्वीच सुरू झालं, ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी. शास्त्रपाठांचं तीन वर्षांचं चक्र बऱ्याच मंडळ्यांमध्ये चालतं. त्यातलं पहिलं वर्ष त्या दिवशी लागलं, म्हणजे आता वर्षभर मुख्यतः मत्तयाचं शुभवर्तमान. २०२६मध्ये रविवार बावन्न. पण पाळक पहिल्या रविवारापासून आखायला बसत नाहीत. ते आधी ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, शोधतात.

(दृश्य: बोट तारखांवरून सरकतं, एप्रिलवर थांबतं.)

सगळ्या मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असं ३२५ साली निकिया इथल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेत ठरलं. त्यातून पुढे नियम पक्का झाला: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. २०२६मध्ये ही पौर्णिमा २ एप्रिलला, गुरुवारी. म्हणून ईस्टर ५ एप्रिलला. गेल्या खेपेला तो २० एप्रिलला होता, म्हणजे यंदा पंधरा दिवस अलीकडे.

एकदा ही खुंटी ठोकली की बाकीचं वर्ष तिला बांधता येतं. ईस्टरच्या दोन दिवस आधी उत्तम शुक्रवार, ३ एप्रिल. त्याच्या आधीचा झावळ्यांचा रविवार २९ मार्च. मागे शेहेचाळीस दिवस मोजले की राखेचा बुधवार, उपवासकाळाची सुरुवात, १८ फेब्रुवारी. उपवासाचे दिवस चाळीसच. मधले सहा रविवार त्यात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. पुढे मोजत गेलं की २४ मेला पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. आकाशातला चंद्र, शतकानुशतकं मागे जाणारी गणितं, आणि इथं एक माणूस बोटांची पेरं मोजतोय. मोबाइलवर हे एका क्षणात मिळतं. त्यांनाही ते माहीत आहे.

(दृश्य: वही उलटी होते. मागच्या बाजूनं दुसरंच काहीतरी लिहिलंय.)

आता ही वही उलट्या बाजूनं बघा. इथं सण नाहीत, घरं आहेत.

एका ओळीत एक नाव, शेवटची भेट कधी झाली ती तारीख आणि एक सूचना. 'ऐकू कमी येतं, दार जोरात वाजवा.' 'दुपारी झोपतात.' 'गीत म्हणायला लावा, गातात.' आजार लिहायचा नाही, घरातलं भांडण लिहायचं नाही, पैशाचं तर नाहीच. वही कुठं विसरली आणि कुणाच्या हातात पडली, तरी कुणाचं काही उघडं पडता कामा नये.

काही ओळींच्या टोकाला छोटं वर्तुळ आहे. त्या घरातलं माणूस सरत्या वर्षात गेलं. ती तारीख पाळक नव्या वर्षाच्या रकान्यात आधीच टिपून ठेवतात. दफनाच्या दिवशी घर भरलेलं असतं. वर्ष झाल्यावर त्याच तारखेला फोन करणारे किती असतात, ते ज्याचं त्याला ठाऊक.

(दृश्य: अरुंद जिना. पाळकांची पाठ. वर दार उघडतं. चाळीस सेकंद निवेदन नाही. मूळ आवाज: 'पाळकसाहेब, तुम्ही? आज तर सोमवार!')

पुढचं वर्ष या पाळकांचं सेवेतलं शेवटचं. डिसेंबरमध्ये ते निवृत्त होतील. नव्या वर्षाचा त्यांचा बेत विचारला तर तो एवढाच आहे: ही उलटी बाजू दुसऱ्यांच्या हाती द्यायची.

कल्पना त्यांची नाही, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर वाढली. तेव्हा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावलं आणि या कामासाठी तुमच्यातले सात जण निवडा म्हणून सांगितलं. त्या सातांत पहिलं नाव स्तेफनाचं. मंडळीतली पहिली मोठी तक्रार ही अशी भाकरीची, आणि कुणाला विसरल्याची होती. प्रवचनांत हे फारसं येत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

म्हणून इथंही सात. प्रत्येकानं आपल्या वाटची घरं स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायची. छायाप्रत चालणार नाही. नाव हातानं लिहिलं की लक्षात राहतं, असा पाळकांचा हिशेब. पहिले तीन महिने त्यांच्याबरोबर जायचं, त्यानंतर एकट्यानं. सहा जण ठरलेत. निवेदकाच्याही वाट्याला एक पान आलंय, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

(दृश्य: पानावर एकाखाली एक सहा नावं, धूसर केलेली. सातवी ओळ कोरी.)

संध्याकाळ मोकळी व्हावी म्हणून दरवर्षीचा मोठा रंगमंचीय कार्यक्रम यंदा होणार नाही. त्यावरून काही घरं नाराज आहेत, तरुणांपैकी दोघे-तिघे यायचे थांबलेत. कमिटीच्या बैठकीत कॅमेरा नेता आला नाही.

(दृश्य: ३१ डिसेंबर, रात्र. अंधारात एकेक मेणबत्ती पेटते. बाकांच्या रांगा दिसू लागतात.)

जागरणाची उपासना. हिची एक जुनी गोष्ट आहे आणि ती खाणकामगारांपासून सुरू होते. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडमधले कोळसा खाणकामगार शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवायचे. मेथडिस्ट चळवळीत आल्यावर त्यांनी रात्र तशीच जागून काढली, पण शाळेच्या खोलीत प्रार्थना करत. हे बंद करा, असं काहींनी या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना सुचवलं. त्यांनी उलट १७४२ साली हा प्रघात इतरत्रही नेला आणि त्यासाठी पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार निवडला. का, तर उपासना संपवून परत जाणाऱ्यांना वाटेत उजेड मिळावा. पुढे ही रात्र वर्षाच्या शेवटाला जोडली गेली.

३१ डिसेंबर १८६२ला अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या अशाच जागत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ला, लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता.

(दृश्य: व्यासपीठ. घोगरा आवाज, पहिली दोन वाक्यं मूळ ध्वनीत, मग निवेदन.)

आजचा पाठ लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, अंजिराच्या झाडाचा. मळ्याचा मालक तीन वर्षं फळ शोधत येतो आणि शेवटी म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो आणि खत घालतो. वर्षाच्या शेवटी या उताऱ्यावर बोलणारे पाळक बहुतेकदा 'एवढं वर्ष' यावर भर देतात. त्यात थोडी धमकीही असते. यांच्या टिपणात अधोरेखित शब्द आहेत 'खणतो' आणि 'खत'. झाडाला पुढे फळ आलं का, ते लूक सांगत नाही. यांनीही सांगितलं नाही. प्रवचन अकरा मिनिटांत आटोपलं. घसा.

(दृश्य: बाराचे ठोके. मेणबत्त्या. चेहरे. निवेदन नाही.)

(दृश्य: रविवार, ४ जानेवारी २०२६. सकाळचं ऊन. मंडळी उभी राहते.)

वर्षाचा पहिला रविवार देवाशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणाचा. हाही वेस्ली यांचाच प्रघात. ११ ऑगस्ट १७५५ला लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये त्यांनी सतराव्या शतकातले धर्मोपदेशक रिचर्ड अलीन यांच्या शब्दांत हा करार वाचला आणि होकार म्हणून सुमारे अठराशे माणसं उभी राहिली. तिथं तो ऑगस्टमध्ये झाला. वर्षारंभाशी त्याची गाठ नंतर पडली.

त्या परंपरेतल्या प्रार्थनेत एक जागा आहे, जिथं माणूस देवाला म्हणतो की तुला हवं तर मला कामाला लाव, तुला हवं तर बाजूला ठेव. बाकीची मंडळी हे एका दमात म्हणून जाते. कॅमेरा पाळकांवर होता.

(दृश्य: पाळकांचा चेहरा. वीस सेकंद. निवेदन नाही.)

प्रभुभोजन झालं. लोक बाहेर पडले. गव्हाणीचा देखावा अजून जागेवरच आहे. तो ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला उचलायचा. नव्या वर्षाकडून काय अपेक्षा, असं आम्ही तेव्हा त्यांना विचारलं. एकच वाक्य मिळालं.

(मूळ आवाज: 'मी नसताना ही वही चालली पाहिजे. माझं नाव कुणाच्या ओळीत आलं, तर बघा, दार जोरात वाजवा.')

(दृश्य: पुन्हा टेबल. दिवस. फोन कानाला, दुसऱ्या हातात पेन्सिल.)

वर्तुळ केलेली पहिली तारीख ९ जानेवारी. पलीकडून कुणीतरी बोलतंय. पाळक 'हो', 'हो आजी', 'बरं' एवढंच म्हणतायत. रकान्यात 'दुपारी ४' असं लिहिलंय. खोडरबर फिरतं. 'सायं. ५.' कागदाचे कण फुंकरीनं उडतात.

(दृश्य काळोखात विरतं. फोनवरचा आवाज थोडा वेळ चालू राहतो.)